कमी टॅक्स आणि जोडीदार, दोन्ही बघून देश कसा निवडायचा : सांगली-मिरजेकडच्या माणसासाठी

आमच्या मिरजेच्या घरात फ्रिजशेजारी भिंतीवर कॅलेंडर असतं, आई त्यावर दुधाचा हिशोब लिहिते आणि मी परदेशातून घरी आले की तेवढ्या दिवसांना लाल पेनानं गोल करते. पहिल्या वर्षी तिनं ते हौसेनं केलं, लेक आलीय म्हणून. दुसऱ्या वर्षी मार्च संपल्यावर आमच्या सीएंनी विचारलं, ताई, वर्षभरात भारतात एकूण दिवस किती झाले, तेव्हा मी आईला फोनवर ते गोल मोजायला लावले. एकशे अकरा निघाले, मग पासपोर्टवरच्या शिक्क्यांशी ताडून बघितले तर एकसुद्धा दिवस इकडचा तिकडं नव्हता. माझा त्या वर्षाचा टॅक्स त्या लाल गोलांवर ठरला.

हे सांगायचं कारण म्हणजे आमच्याकडची मुलंमुली मला सारखे दोन प्रश्न विचारतात, एक मोठ्यानं आणि एक हळूच. मोठ्यानं विचारतात की ताई, टॅक्स नसलेला देश कुठला. हळूच विचारतात की तिकडं कुणी भेटतं का हो, म्हणजे डेटिंगचं, लग्नाचं कसं असतं. तासगाव-कवठेमहांकाळकडं चांगली द्राक्षबाग असलेल्या घरातली पस्तिशीची मुलं स्थळाची वाट बघत बसलेली आहेत, आणि माझ्यासारख्या घटस्फोट झालेल्या बायकांना तर विश्रामबागेत कुणाबरोबर साधी कॉफी घेतली तरी संध्याकाळपर्यंत घरी निरोप पोचलेला असतो. त्यामुळं दुसरा प्रश्न विचारण्यात लाजण्यासारखं काही नाही, माणूस आहे, सोबत लागते. मी सदतीस वर्षांची, घरून डिझाइनचं फ्रीलान्स काम करते, आधी चौदा महिने दुबईत होते आणि आता दुसरं वर्ष मॉरिशसला चालू आहे. एवढ्यातून मला एकच गोष्ट कळली, ती म्हणजे टॅक्सवाले आणि नातं दोघंही तुम्हाला एकच विचारतात, वर्षातल्या किती रात्री तुम्ही इथं झोपता. जिथं तुम्हाला स्वतःच्या नावावर, निवांत, वर्षातले सहा महिने तरी राहता येतं तोच देश दोन्हीसाठी चालतो. बाकी यादी इथूनच छाटायला घ्यायची.

पण देशाच्या आधी घरातला हिशोब करा, ही पायरी जवळजवळ सगळे सोडतात. नव्या टॅक्स पद्धतीत २०२५-२६ पासून १२ लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर रिबेटमुळं टॅक्स शून्य होतो, पगारदाराला स्टँडर्ड डिडक्शन धरून १२ लाख ७५ हजार. आणि आयटी, इंजिनिअरिंग, आर्किटेक्ट, डॉक्टर, वकील, सीए असल्या ठरलेल्या व्यवसायांना वर्षाची जमा ७५ लाखांच्या आत असेल आणि रोखीचा भाग पाच टक्क्यांच्या वर नसेल तर जमेच्या निम्मी रक्कम नफा म्हणून दाखवता येते, ज्याला सगळे अजून जुन्या कलमावरून ४४ एडीए म्हणतात. म्हणजे बघा, विट्यात बसून बाहेरच्या क्लायंटचं सॉफ्टवेअरचं काम करणाऱ्या पोराची वर्षाला २४ लाख जमा झाली तर त्यातले १२ लाख उत्पन्न धरलं जातं आणि त्यावर टॅक्स बसतच नाही. अशा पोरानं टॅक्स वाचवायला दुबईला जाऊन वर्षाचं भाडं चेकनं आगाऊ भरायचं म्हणजे आपल्याच खिशाला भोक पाडणं. शेतीचं उत्पन्न तर आपल्याकडं करमुक्तच आहे, बेदाण्याच्या आणि हळदीच्या पैशाला टॅक्स नाही, फक्त बाकीचं उत्पन्न असेल तर त्याचा दर ठरवताना ते मोजलं जातं. तुमचा टॅक्स खरंच लाखांत जात असेल, २४ लाखांच्या वरचं उत्पन्न ३० टक्क्यांच्या पट्ट्यात असेल, तर पुढचं वाचा. नसेल तर देश निवडताना टॅक्सचा रकाना सरळ खोडा आणि फक्त माणसांचा रकाना बघा, काम सोपं होतं.

आता भारताच्या टॅक्समधून बाहेर कसं पडायचं. नुसतं विमानात बसून होत नाही. आर्थिक वर्षात १८२ दिवस किंवा जास्त भारतात राहिलात तर तुम्ही रेसिडेंट, जगभरचं उत्पन्न इथं दाखवायचं. नोकरीधंद्यासाठी देश सोडत असाल तर त्या पहिल्या वर्षी हाच १८२ चा नियम लागतो, म्हणून १ एप्रिलपासून मोजत २८ सप्टेंबरच्या आत निघायचं, गणपती करून निघालात तर चालतं, दसरा करून निघायचं म्हटलं तर बहुतेक वर्षी ते वर्ष गेलं. पुढच्या वर्षांत सुट्टीला येणाऱ्या माणसाचं भारतातलं उत्पन्न, म्हणजे इथलं भाडं, व्याज, शेअर वगैरे, १५ लाखांच्या वर असेल तर १८२ ऐवजी १२० दिवसांची मर्यादा येते. मे महिन्यातली लग्नं, गणपती, दिवाळी, गावची यात्रा, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन, एवढ्यात १२० कधी होतात कळत नाही. म्हणून ते कॅलेंडर.

आणि एक मोठा गैरसमज काढून टाका. बरेच जण म्हणतात मी कुठंच राहणार नाही, दोन महिने इथं दोन महिने तिथं, मग कुणालाच टॅक्स नाही. भारतीय नागरिकाचं भारतातलं उत्पन्न १५ लाखांच्या वर असेल आणि तो दुसऱ्या कुठल्याच देशात टॅक्सला पात्र नसेल तर २०२०-२१ पासून भारत त्याला रेसिडेंट धरतो. बाहेरच्या पगाराला त्यामुळं लगेच हात लागत नाही, पण भारतातून चालवलेल्या धंद्याचं बाहेरचं उत्पन्न मात्र पकडलं जातं. १ एप्रिल २०२६ पासून १९६१ च्या जागी २०२५ चा नवा आयकर कायदा आलाय, कलमांचे नंबर बदललेत, ही दिवसांची गणितं तीच आहेत. आणि असं दर दोन महिन्यांनी बॅग भरणाऱ्या माणसाशी कोण नातं जोडणार, तुम्हीच सांगा. चौथ्या भेटीत तुम्ही म्हणणार की येत्या मंगळवारी माझं फ्लाइट आहे.

अजून एक, फ्रीलान्सवाल्यांनी हे नीट वाचा. तुम्ही एनआरआय झालात तरी पैसे पहिल्यांदा भारतातल्या खात्यात जमा झाले तर ते उत्पन्न भारतात मिळालं म्हणून इथं टॅक्सला येतं. अमेरिकेतला क्लायंट तुमच्या सांगलीच्या बँकेत पैसे टाकतोय आणि तुम्ही दुबईत बसलाय, असं चालत नाही. तिकडं खातं उघडायचं, बिलावर ते खातं घालायचं, मग तिथून घरी एनआरई खात्यात, म्हणजे एनआरआयच्या बाहेरच्या कमाईच्या खात्यात, पाठवायचं, त्या खात्याच्या व्याजाला एनआरआय असेपर्यंत टॅक्स नाही. इथलं साधं सेव्हिंग खातं एनआरओ, म्हणजे एनआरआयच्या इथल्या उत्पन्नाचं खातं, करून घ्यायचं. शेतजमीन असेल तर आहे ती ठेवता येते, वारशानं येते तीही घेता येते, पण एनआरआय झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, त्यामुळं शेजारचं अर्धा एकर घ्यायचं मनात असेल तर ते जायच्या आधी उरकून टाका.

आता देश. आखातापासून सुरू करते कारण सगळ्यांच्या डोक्यात तेच पहिलं येतं. युएईत पगारावर इन्कम टॅक्स नाही हे खरं. जून २०२३ पासून धंद्याच्या नफ्यावर ९ टक्के आलाय, ३ लाख ७५ हजार दिरहमच्या वरच्या नफ्यावर, आणि फ्रीलान्सरची वर्षाची उलाढाल १० लाख दिरहमच्या वर गेली की त्यालाही तो लागतो. व्हॅट ५ टक्के. ओमानमध्ये १ जानेवारी २०२८ पासून ४२ हजार रियालच्या वरच्या उत्पन्नावर ५ टक्के इन्कम टॅक्स येतोय, म्हणजे आखात कायमचं शून्य राहील असं धरून वीस वर्षांचं प्लॅनिंग करू नका.

पण सोबतीच्या बाजूनं आखात म्हणजे काय ते पोरांनी समजून घ्या. युएईत साधारण तीन माणसांत दोन पुरुष आहेत, कतारमध्ये तर चारात जवळजवळ तीन. आटपाडीत मुलगी मिळत नाही म्हणून दोह्याला जाणं म्हणजे दुष्काळातून उठून वाळवंटात जाणं आहे. बाईसाठी उलटं, ओळखी पटापट होतात, पण टिकत नाहीत. दुबईत एकाशी माझं चांगलं जमत होतं, केरळचा होता, शुक्रवारी संध्याकाळी आम्ही खाडीच्या बाजूला चालत जायचो, एक दिरहमची अब्रा, म्हणजे तिथली होडी, करून पलीकडं जायचं, चहा प्यायचा, परत यायचं. त्याची नोकरी गेली. व्हिसा कंपनीचा होता, दोन महिन्यांच्या आत तो कोचीला परत. भांडण नाही काही नाही, एका कागदानं संपलं ते. तेव्हापासून मी कुणालाही पहिलं हेच सांगते की माणूस आवडला की त्याचा व्हिसा कुणाच्या नावावर आहे ते विचारा, आणि तुमचा स्वतःचा तर आधी विचारा. युएईत १० वर्षांचा गोल्डन आणि ५ वर्षांचा ग्रीन व्हिसा मालकाच्या मर्जीवर नसतो, जमत असेल तर तोच बघा.

कायदाही माहीत पाहिजे. युएईनं नोव्हेंबर २०२० मध्ये लग्न न करता एकत्र राहणं गुन्ह्यातून काढलं, आणि मुस्लिम नसलेल्यांसाठी आता सिव्हिल लग्नसुद्धा आहे. पण लग्नाबाहेरच्या संबंधांबद्दल नवरा, बायको किंवा पालकानं तक्रार केली तर तिथं आजही केस होते. ज्यांचा घटस्फोट सांगलीच्या कोर्टात अजून लटकलाय त्यांनी हे वाक्य परत वाचा, हातात हुकूमनामा येईपर्यंत तिथं कुणाबरोबर राहायला जाऊ नका. सौदी, कतार, कुवेतमध्ये लग्नाशिवायचे संबंध सरळ गुन्हाच आहेत. बाली बाली करणाऱ्यांनीही बघा, इंडोनेशियात २ जानेवारी २०२६ पासून नवीन फौजदारी कायदा लागू झालाय, त्यातही घरच्यांच्या तक्रारीवर हे कलम आहे. आणि जे समलिंगी आहेत त्यांनी आखात आणि मलेशिया दोन्ही यादीतून काढा, टॅक्स कितीही कमी असला तरी. तुमच्यासाठी थायलंड आहे, तिथं २३ जानेवारी २०२५ पासून तुमचं लग्न कायद्यानं होतं.

पूर्वेकडं सिंगापूर मला सगळ्यात सरळ वाटतं. वरचा दर २४ टक्के आणि तोही १० लाख सिंगापूर डॉलरच्या वरच्या उत्पन्नावर, मधल्या पगाराला बराच कमी बसतो, शेअरच्या नफ्यावर टॅक्स नाही, जीएसटी २०२४ पासून ९ टक्के. बायका रात्री बारालाही एकट्या फिरतात, आणि तिथल्या लोकांना भारतीय माणूस नवा नाही, तमिळ तिथली अधिकृत भाषाच आहे. अडचण आत शिरण्याची आहे. एम्प्लॉयमेंट पासला २०२५ पासून किमान पगार ५,६०० सिंगापूर डॉलर लागतो, वयाप्रमाणं तो वाढत जातो, आणि वर पगार, शिक्षण असल्या गोष्टींचे गुण मोजतात. नवरा किंवा बायको सोबत न्यायची तर पगार ६,००० पाहिजे. फ्रीलान्सवाल्याला तिथं जागा जवळजवळ नाहीच, नोकरी घेऊनच जायचं.

मलेशिया आणि थायलंडचं नाव घेताना लोक म्हणतात फॉरेन इन्कमला टॅक्स नाही. इथंच फसगत होते. तुम्ही लॅपटॉप उघडून ज्या देशात काम करता, त्या कामाचं उत्पन्न बऱ्याच देशांत तिथलंच धरलं जातं, क्लायंट अमेरिकेचा असो नाहीतर इस्लामपूरचा. मलेशियानं बाहेरून आणलेल्या उत्पन्नाला व्यक्तींसाठी २०३६ अखेरपर्यंत सूट दिलीय पण ती तुमच्या मागच्या देशातल्या भाड्याव्याजासारख्या उत्पन्नाला, आणि त्यावर तिकडं टॅक्स लागलेला असावा. थायलंडमध्ये १८० दिवस राहिलात की रेसिडेंट, आणि २०२४ पासून बाहेरची कमाई आत आणली की त्यावर टॅक्स. मलेशियात मुस्लिम जोडीदाराशी लग्न करायचं तर धर्म बदलावा लागतो, जीव गुंतायच्या आधी माहीत असलेलं बरं.

हाँगकाँगला पगारावर कितीही झालं तरी १५-१६ टक्क्यांच्या वर जात नाही, व्हॅट नाही, पण घराचं भाडं आणि खोलीचा आकार बघून या. जॉर्जिया देशात ५ लाख लारीपर्यंतच्या (लारी हे तिथलं चलन) उलाढालीवर १ टक्का म्हणून सगळे सांगतात, त्यात कन्सल्टिंगचं काम बसत नाही हे कुणी सांगत नाही.

युरोपात कमी टॅक्स असं शोधत बसू नका, जोडीदारासाठी जायचं असेल तर मोकळेपणानं तसं म्हणा. स्पेनमध्ये बाहेरून कामाला आलेल्याला साधारण सहा वर्षं ६ लाख युरोपर्यंत सरसकट २४ टक्के लावून घ्यायची सोय आहे आणि माणसं बोलकी आहेत. पोर्तुगालची बाहेरून आलेल्यांसाठीची जुनी टॅक्स सवलत २०२४ पासून नव्या लोकांना बंद झाली, अजून जुन्या माहितीवर लोक जातात. जर्मनीत टॅक्स आणि इन्शुरन्स मिळून पगाराचा मोठा घास जातो, पण तिथं नवराबायकोचं उत्पन्न एकत्र धरून टॅक्स काढता येतो, एकाची कमाई जास्त आणि एकाची कमी असेल तर लग्नानंतर टॅक्स चांगला उतरतो. आपल्याकडं असं काही नाही.

मॉरिशसला मी का आले ते सांगते. प्रीमियम व्हिसा एक वर्षाचा, पुढं वाढवून मिळतो, महिन्याला १,५०० अमेरिकन डॉलरचं बाहेरचं उत्पन्न दाखवायचं आणि स्थानिक नोकरी करायची नाही. १८३ दिवस झाले की रेसिडेंट, वरचा दर २० टक्के, आणि या व्हिसावर बाहेरची कमाई जेवढी तिथं आणाल तेवढ्यावर हिशोब. पण खरं कारण दुसरं आहे. एकोणिसाव्या शतकात कोकणातून उसाच्या मळ्यांवर गेलेल्या मराठी माणसांचे वंशज तिथं आहेत, गणेश चतुर्थीला देशाची सुट्टी असते, आणि बाजारात एका म्हाताऱ्या बाईनं माझं बोलणं ऐकून मला मराठीत विचारलं की तू कुठली गं. मी भाजीची पिशवी खाली ठेवून रडले अक्षरशः. बेट छोटं आहे, लोकसंख्या साडेबारा लाखांच्या आसपास, त्यामुळं सांगलीसारखंच कोण कुणाबरोबर दिसलं ते कळतं आणि माणसं मोजकीच भेटतात. क्रेओल ही तिथली बोलीभाषा शिकल्याशिवाय कुणी मनापासून बोलत नाही. मी आठवड्याला तीन दिवस क्लास लावला, आणि ज्याला मी आता भेटते तो त्या क्लासमध्येच भेटला, कुठल्या ॲपवर नाही.

म्हणून देश ठरवायच्या आधी तिथं एक महिना राहून या, आणि टुरिस्टांच्या भागात नाही, जिथं तिथले शिक्षक, नर्स, बँकवाले राहतात तिथं खोली घ्या. सोमवार ते शुक्रवार काम करा. संध्याकाळी सहानंतर लोक कुठं जातात, एकटं माणूस एकट्या माणसाला कुठं भेटतं ते बघा, क्लास, देऊळ, चर्च, धावण्याचा ग्रुप, काय असेल ते. आपल्या विटा-खानापूरकडचे गलाईवाले केरळ, तमिळनाडू, बंगालपर्यंत सोनं-चांदी गाळायला गेले ते आधी गावचा कुणीतरी तिथं आहे का बघून गेले, ती रीत आजही धरा, पहिल्या तीन महिन्यांना ओळखीचं माणूस लागतं. फक्त खोली त्याच्याच घरात घेऊ नका, नाहीतर गाव तुमच्याबरोबरच आलं समजा.

पैशाच्या बाबतीत सावध राहा. दुबईत जाताना मी एका एजंटला फ्रीलान्स परमिट म्हणून दोन लाख दिले, हातात आला तो भलत्याच कंपनीच्या नावाचा व्हिसा, त्यावर मला माझं काम करता येईना आणि बँक खातं उघडेना, सहा महिने गेले. व्हिसाचा अर्ज त्या देशाच्या सरकारी साइटवर स्वतः भरा. ऑनलाइन भेटलेलं माणूस व्हिडिओवर येत नसेल, गिफ्ट कस्टममध्ये अडकलंय म्हणत असेल, क्रिप्टोत पैसे घाल म्हणत असेल, तर तिथंच थांबा, एक रुपयासुद्धा पाठवू नका. आणि आईबापांनो, परदेशातलं स्थळ म्हणून पोरीला घाईनं देऊ नका, मुलाचा व्हिसा, नोकरीचं पत्र, आधीचं लग्न सगळं तपासा. फसवणूक झालीच तर राष्ट्रीय महिला आयोगात एनआरआय लग्नांसाठी वेगळा सेल आहे, तिथं तक्रार करता येते.

शेवटी कागद, याच्यावरून माझ्या मैत्रिणीचं लग्न चार महिने अडलं. परदेशात लग्न नोंदवायचं तर जन्मदाखला, अविवाहित असल्याचं प्रमाणपत्र, आणि घटस्फोट झाला असेल तर कोर्टाच्या हुकूमनाम्याची सहीशिक्क्याची प्रत लागते, नुसती झेरॉक्स चालत नाही. मराठीतल्या कागदाचं इंग्रजी भाषांतर करून घ्यायचं, मग राज्याचं अटेस्टेशन आणि वर परराष्ट्र खात्याचा अपोस्टिल, म्हणजे कागद खरा असल्याचा परदेशात चालणारा शिक्का. युएई अपोस्टिल मानत नाही, तिथं त्यांच्या वकिलातीचा शिक्का वेगळा लागतो. दोघांत एक जरी भारतीय नागरिक असेल तर १९६९ च्या फॉरेन मॅरेज ॲक्टखाली आपल्या वकिलातीतही लग्न करता येतं, आणि सांगलीत येऊन स्पेशल मॅरेज ॲक्टखाली करायचं तर एकानं जिल्ह्यात ३० दिवस राहिलेलं पाहिजे, शिवाय ३० दिवसांची नोटीस, म्हणजे ते दिवसही त्या लाल गोलांत धरा. मैत्रीण तिकडं आणि तिची कागदपत्रं इकडं कपाटात, तिच्या वडिलांनी गुडघेदुखी घेऊन कोर्टात सात चकरा मारल्या. प्रत्येक कागदाच्या तीन तीन प्रती आत्ताच काढा, एक संच बरोबर न्या, एक घरी ठेवा आणि एक स्कॅन करून स्वतःला मेल करा.